पत्रा वाजला नाही

माझ्या वडिलांवर, सीताराम कांबळे यांच्यावर, अन्याय झाला तो डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, दुपारच्या पंगतीत, दुसरी भाकरी पानात पडली तेव्हा. मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर शिफ्ट सुटताना कंत्राटी कामगारांच्या हातात कागद कोंबण्यात माझी विशी गेली. अन्याय कुणावर आणि कधी झाला, हे पहिल्याच ओळीत सांगायचं, नाहीतर माणूस कागद वाचत नाही, त्यात वडापाव गुंडाळतो, हे मी तिथं शिकले. म्हणून इथंही तसंच केलं. पण पत्रकात संताप मावतो, लाज मावत नाही. ती इथं लिहिते.

आम्ही चिंचवड स्टेशनच्या मागं दोन खोल्यांत राहायचो. पप्पा चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. प्रेस शॉप म्हणजे दिवसभर लोखंडी पत्र्यावर घण पडल्यासारखा आवाज. त्या आवाजानं पप्पांचे कान जरा गेले होते, त्यामुळं घरात ते कायम ओरडून बोलत. मीठ मागितलं तरी शेजारच्यांना कळायचं. आई म्हणायची, "अहो, मीठ इथंच आहे, चाकणला नाही." पहाटे ती त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि लसणाचं तिखट भरायची आणि कंपनीच्या बसचा भोंगा वाजला की पप्पा शर्टाची बटणं लावत जिना उतरायचे. त्या बसला कंडक्टर नव्हता, घंटी नव्हती. ज्याला उतरायचं असेल त्यानं खिडकीखालच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या, की ड्रायव्हर ब्रेक मारणार. संध्याकाळी मी गॅलरीत अभ्यास करत बसायचे आणि कोपऱ्यावरून त्या दोन थापा ऐकू यायच्या. धाड, धाड. अख्ख्या बसमध्ये पप्पांची थाप वेगळी ओळखू यायची. आई लगेच चहाचं आधण ठेवायची. माणूस दिसायच्या आधी त्याचा आवाज घरात यायचा.

प्रेसवर पप्पांच्या जोडीला शेळके काका असत. मावळातल्या जुन्या घरातला माणूस, मिशी मोठी, मन त्याहून मोठं. एकानं पत्रा आत सरकवायचा, दुसऱ्यानं घडलेला भाग बाहेर ओढायचा. एकाचं लक्ष उडालं तर दुसऱ्याची बोटं जाणार. वर्षानुवर्षं या दोघांनी एकमेकांची वीस बोटं सांभाळली होती. शेळके काका आमच्याकडे आले की आईच्या हातचं मटण हक्कानं मागून खायचे आणि वर म्हणायचे, "वहिनी, आमच्या घरी असं जमत न्हाई, पर तिला सांगू नका, न्हाईतर जेवायला तुमच्याकडंच यावं लागंल." हे मुद्दाम सांगते. पुढं जे घडलं ते कुणा दुष्ट माणसानं केलं असतं तर मला हे प्रकरण लिहावंच लागलं नसतं. दुष्ट माणसाविरुद्ध एक पत्रक पुरतं.

शेळके काकांनी कंपनीतल्या लोकांचं एक सहल मंडळ काढलं होतं. देवदर्शन नाही, वॉटर पार्क नाही, फक्त इतिहास. किल्ले, लढायांच्या जागा, जुनी बंदरं. सुरुवात चाकणच्याच भुईकोटापासून झाली. ज्या किल्ल्यासमोरून हे लोक रोज शिफ्टला जायचे, तो आत जाऊन कुणी पाहिलाच नव्हता. पडका बुरुज, काटेरी झुडपं, खंदकात प्लॅस्टिक. शेळके काका बुरुजावर उभे राहून हात फिरवत होते. "इथं मोगलांनी सुरुंग लावला. बुरूज उडाला, पर आपली माणसं हटली न्हाईत." पप्पा खालून ओरडले, "राव, तू होतास का तिथं?" काका म्हणाले, "मी न्हवतो, पर माझा पूर्वज असणार. तुझा बी असणार." तेव्हा सगळे हसले होते. मीही. 'तुझा बी असणार' हे वाक्य किती सहज बोललं गेलं होतं, ते मी आजही आठवून बघते.

मग एका रविवारी खडकीची युद्धस्मशानभूमी झाली. हिरवळ कापलेली, आणि फिकट दगडांच्या सरळ रांगा. बाकीचे फोटो काढत होते. पप्पा मात्र एकेका दगडासमोर वाकून नाव वाचत होते. इंग्रजी त्यांना अडखळत यायचं, तरी अक्षरं लावून वाचत होते. परतताना बसमध्ये मला म्हणाले, "प्रज्ञा, बघितलंस? मेलेल्या प्रत्येकाला नाव आहे." आणि मग पहिल्यांदाच त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट नीट सांगितली. पहिल्या महायुद्धात कोकणातल्या बंदरावरून आगबोटीनं मुंबईला, तिथून इराकातल्या बसऱ्याला. परत आलेच नाहीत. त्या बंदराच्या गावात शाळेच्या भिंतीत एक दगड बसवलेला आहे, या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली आणि त्यातली इतकी कामी आली, एवढंच त्यावर कोरलंय, नावं नाहीत. पप्पांनी तो कधी बघितला नव्हता. त्यांचे वडील भावकीशी भांडून गावातून निघाले ते पुन्हा फिरकलेच नाहीत. "नाव नसू दे," पप्पा म्हणाले, "त्या आकड्यात एक आमचा आहे. एकदा हात लावून यायचाय."

पुढच्या सीटवरून शेळके काका वळले. "मग जाऊ की! बंदर हाय, समुद्रात किल्ला हाय, मासे हायेत. डिसेंबरात ठरलं."

त्या बंदराच्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, अच्छा, त्या गावात तसं आहे होय, आणि पुस्तक मिटून दुसऱ्या गावाला सहल काढाल.

रोजच्या शिफ्टचीच बस भाड्यानं घेतली. पप्पांनी त्यांची नेहमीची खिडकी धरली. आई शेजारी, मी मागं. आईनं गळ्यात बुद्धाचं लहानसं पदक घातलं होतं, ते ती सणालाच घालायची. पप्पांनी नवा पांढरा शर्ट शिवला होता, आणि खिशात एक स्वच्छ फडकं घडी करून ठेवलं होतं. कशाला म्हणून विचारलं तर ओरडून म्हणाले, "दगडावर धूळ असेल की!" पुढच्या चार सीटांपर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी म्हणालं, "कांबळे, माझ्या बायकोच्या माहेरी बी धूळ फार हाय, येतोस का?" बस हसली. ताम्हिणी घाट उतरून चहाला थांबलो तोपर्यंत सगळं असंच चाललं होतं.

चहाच्या टपरीवर शेळके काकांनी पप्पांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे किती, तर दोन पावलं. पप्पांचे कान असे, त्यामुळं काकांना हळू बोलता येईना. मला सगळं ऐकू आलं.

"सीताराम, एक बोलायचं राहिलं. ते जेवणाचं घर हाय ना, घरगुती, त्या माईंनी फोनवर इचारलं, मंडळी कोण कोण. मी म्हणलं, सगळी आपलीच."

"मग? आपलीच आहेत."

"तसं न्हाई राव. ती जुनी माणसं. ओटीवर बसून जेवायचं, सैपाकघराला लागून. तेवढ्या दुपारपुरतं तुला जाधव म्हनतो. कुणाला वाईट वाटायला नगं."

पप्पांनी चहाचा ग्लास टपरीवर ठेवला. मी वाट बघत होते. मला वाटलं, आता ते ओरडतील, मीठ मागतात तसं. ते हसले. "जाधव तर जाधव. मासे ताजे आहेत ना?" आणि त्यांनी काकांच्या पाठीवर थाप मारली. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आपण हसायचं, ही आमच्या लोकांची जुनी शिफ्ट. तिला ओव्हरटाइम नाही, सुट्टी नाही. बसमध्ये चढताना आईनं पदक ब्लाउजच्या आत सरकवलं. ते मी मागच्या पायरीवरून बघितलं आणि माझं तोंड गरम झालं. लाज नेमकी कुणाची वाटली, तेव्हा सांगता आलं नसतं. शेळके काकांची वाटायला हवी होती. वाटली ती पप्पांची.

माई फार चांगल्या होत्या. हे लिहिणं मला सगळ्यात जड जातं. शेणानं सारवलेलं अंगण, पोफळींची सावली, ओटीवर ओळीनं पाट. तांदळाची भाकरी इतकी मऊ की दुमडली तरी मोडत नव्हती. कोलंबीचं कालवण, तळलेली सुरमई, कुळथाचं पिठलं, वाटीत गुलाबी सोलकढी. माई वाढायला स्वतः वाकत होत्या. "लाजू नका हो, पुण्याची माणसं पोटाला मारतात." मला विचारलं, "तुझं नाव काय गो?" मी म्हटलं, "प्रज्ञा जाधव." अडखळले नाही. शाळेत हजेरीला माझं आडनाव घेतलं की काही मान वळायच्या, ते मला पाठ होतं. इथं कुणीच वळलं नाही. क्षणभर ते नाव नव्या चपलेसारखं पायात छान बसलं.

मग माई पप्पांपाशी आल्या. पानात दुसरी भाकरी टाकली आणि मायेनं विचारलं, "जाधव म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?"

माझे वडील मूळचे त्याच गावचे. त्या ओटीवरून जो रस्ता दिसत होता, त्याच रस्त्यानं त्यांचे आजोबा धक्क्यावर गेले असणार. पप्पा म्हणाले, "साताऱ्याकडचे." अगदी हळू म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं. कान गेलेला माणूस हळू बोलू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

आता शेळके काकांना काय सुचलं देव जाणे. त्यांना भरपाई करायची असणार. ते पानावरूनच म्हणाले, "माई, इथं लढाईचा एक दगड हाय म्हनं. आमच्या ह्या जाधवाला लई बघायचाय."

"तो होय!" माई हसल्या. "तो तिकडं बौद्धवाडीत, शाळेच्या भिंतीला. त्यांचीच माणसं गेली होती लढाईला. वर्षातनं एकदा फुलं वाहतात ती लोकं. तुम्ही कशाला जाताय तिकडं? आपलं कुणी नाही त्यात."

बसमधल्या सगळ्यांना माहीत होतं. प्रेस शॉप, पेंट शॉप, त्यांच्या बायका, सगळ्यांना. सगळे पानाकडे बघायला लागले. माईंना वाटलं असेल, पाहुण्यांना मासे फारच आवडले. मी पप्पांकडे बघितलं. पप्पा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "नाही, मी असाच म्हणालो होतो. काही बघायचं नाही मला." आणि तो तुकडा कालवणात बुडवून त्यांनी खाल्ला. चावला, गिळला, पुढचा मोडला. पान पूर्ण संपवलं. मी समाजशास्त्रातली पदवी घेतलीय, सभांमधून बोलते, पण अन्न गिळण्याचा तो आवाज कुठल्या शब्दात बसवायचा ते मला अजून जमलेलं नाही.

जेवण झाल्यावर आई उठली आणि आम्हा तिघांची ताटं उचलून मागच्या मोरीवर गेली. माई धावल्या. "अहो जाधवीणबाई, ठेवा ती! आमच्याकडे पाहुण्यांनी ताटं घासायची नसतात."

"असू दे," आई म्हणाली. "मला सवय आहे."

तिनं राखेनं तिन्ही ताटं लख्ख घासली, पालथी घातली आणि पदराला हात पुसले. नंतर मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "खोट्या नावानं जेवले. ताटं तरी खऱ्या हातानं घासली."

दुपारी होडीनं समुद्रातल्या किल्ल्यावर गेलो. तट, तोफा, गोड्या पाण्याचं तळं, जुन्या गोदीची जागा. होडीवाला सांगत होता, इथून मराठ्यांचं आरमार निघायचं, अमक्यानं इतकी जहाजं बुडवली, तमक्यानं तह मोडला. सगळ्यांची नावं होती. पप्पा तटाच्या सावलीत बसून राहिले. ते खिशातल्या फडक्यानं चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

निघताना माईंचे यजमान, नाना, आमच्याच बसमध्ये चढले. त्यांना फाट्यापर्यंत जायचं होतं. ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि उत्साहानं एकेक ठिकाण दाखवायला लागले. हे जुनं कस्टम हाऊस, हा इंग्रजांच्या वेळचा धक्का. बस वाडीच्या रस्त्याला लागली तशी मी सीटची दांडी घट्ट धरली. वळणावर पोरं क्रिकेट खेळत होती, म्हणून ड्रायव्हरनं वेग अगदी कमी केला. उजव्या हाताला कौलारू शाळा, आंब्याचं झाड, विहाराचा पंचशील ध्वज. आणि शाळेच्या भिंतीत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, तो दगड. लहान होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप लहान. खाली सुकलेल्या झेंडूची एक माळ होती.

"हा बघा, तो दगड," नाना म्हणाले.

पप्पांची खिडकी त्याच बाजूला होती. त्यांचा हात उठला. मी मागंच होते, मला नीट दिसलं. रोज संध्याकाळी उठतो तसाच उठला, तळवा उघडा, खिडकीखालच्या पत्र्यापासून वीतभर. दोन थापा. एवढंच करायचं होतं. ड्रायव्हर रोजचाच होता, त्यानं विचारही न करता ब्रेक मारला असता. पोरांचा चेंडू गटारात गेला, पोरं बाजूला झाली, बसनं वेग घेतला. पप्पांचा हात हवेतच राहिला आणि मग त्यांनी तो खाली आणून मांडीवर ठेवला, दुसऱ्याचा असल्यासारखा. आंब्याखाली एक म्हातारा बसला होता. त्यानं, गावातली माणसं कुठल्याही बसला करतात तसा, आम्हाला हात केला. आई नंतर कितीतरी दिवस म्हणत होती, "नाक बघितलंस त्याचं? थेट तुझ्या पप्पांचं." मला तसं काही दिसलं नाही. कुणाचंही नाक कुणासारखं असतं. पण पप्पांनी त्याला उलट हात केला नाही, एवढं मी बघितलं.

चिंचवडला उतरताना आई शेळके काकांसमोर थांबली. "भाऊजी, तुम्ही वाईट असता तर बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मोकळी झाले असते." काकांनी तोंड उघडलं, मग नुसताच मिशीवरून हात फिरवला. घरी आल्यावर पप्पाच आईवर चिडले. "त्यानं आपल्याला नेलं तरी! दुसऱ्या कुणी नेलं असतं?" आई म्हणाली, "नेलं कुणाला? जाधवांना."

त्या सोमवारपासून मला गॅलरीत पप्पांच्या दोन थापा ऐकू आल्या नाहीत. थापा वाजायच्या, पण निराळ्या, घाईच्या. पुष्कळ दिवसांनी एकदा मी कोपऱ्यावर दूध आणायला गेले असताना बस आली आणि मला दिसलं. पत्रा शेळके काका वाजवत होते. स्वतःचा स्टॉप पुढं असताना, ते आमच्या कोपऱ्यावर वाकून पप्पांच्या खिडकीखाली थापा मारत होते. पप्पा गुपचूप उतरायचे. प्रेसवर मात्र दोघं पूर्वीसारखेच जोडीनं उभे राहायचे.

काकांबद्दलचा माझा राग त्या दिवशी गेला, असं लिहायला बरं वाटलं असतं. गेला नाही. मला फक्त एवढंच कळलं की त्यांना थाप मारता येत होती. त्या वळणावरही येत होती. त्यांच्याच काय, बसमधल्या प्रत्येकाच्या हाताशी पत्रा होता.

पप्पा आता निवृत्त आहेत. गुडघे गेलेत, ऐकू आणखी कमी येतं, पण त्या सहलीनंतर ते पहिल्यासारखं ओरडत नाहीत. मी त्यांना म्हटलं, गाडी करते, आपण दोघंच जाऊ, दगड बघून येऊ. ते म्हणाले, "चोरून नाही जायचं. त्याच ओटीवर सीताराम कांबळे म्हणून जेवायचं आणि मग जायचं." म्हणून मी गेल्या हिवाळ्यात त्या घरी फोन केला. आवाज तरुण होता, सून असेल. खोल्या आहेत म्हणाली, मासे मिळतील म्हणाली, मग गोड आवाजात विचारलं, नाव कुणाचं लिहू? मी म्हटलं, कांबळे. पलीकडे कुणाशी तरी बोलणं झालं. मग ती म्हणाली, सॉरी हां, आत्ताच कळलं, त्या तारखेला सगळं भरलंय. मी म्हटलं, पुढची तारीख? तीही भरली होती. पप्पा समोर बसले होते. त्यांना ऐकू आलं नाही, पण माझा चेहरा वाचता येतो त्यांना. फडकं अजून त्यांच्या कपाटात आहे, घडी घातलेलं.

आता तुम्हाला सांगते. तुमच्याही कंपनीची, सोसायटीची, कॉलेजच्या जुन्या दोस्तांची सहल निघणार आहे. किल्ला बघाल, बंदर बघाल, शूरांच्या गोष्टी ऐकाल. जेवण ठरवायला तुम्ही फोन कराल आणि पलीकडून कुणी प्रेमानं विचारील, मंडळी कोण कोण? तेव्हा 'सगळी आपलीच' म्हणू नका. बसमधल्या प्रत्येकाचं खरं आडनाव सांगा, आणि एका जरी नावाला जागा नसेल तर दुसरीकडे जेवा, नाहीतर उपाशी परत या. आणि परतीच्या वाटेवर वळणाशी बस हळू झाली, खिडकीशी बसलेल्या माणसाचा हात उठला आणि हवेतच राहिला, तर त्या पंगतीतल्यांनी पानाकडे बघितलं तसं दुसरीकडे बघू नका. तो वाजवील याची वाट बघू नका.

पत्रा तुम्ही वाजवा.